नाही म्हणायला शिकले ते मदिनेत

माझ्याकडे याद्या असतात. खोल्यांची यादी, बसची यादी, व्हीलचेअर लागणाऱ्यांची यादी, शुगरवाल्यांची यादी आणि शुगर असून "मला काही नाही" म्हणत दोन चमचे साखर घालून घेणाऱ्यांची एक वेगळी यादी. मदिनेत हरमपासून, म्हणजे मोठ्या मशिदीपासून, चालत जाता येईल अशा एका हॉटेलात मी उमऱ्याच्या यात्रेला येणाऱ्या बायकांची व्यवस्था बघते. आमच्याकडे येणाऱ्या बायका बहुतेक करून इंडोनेशियाच्या. नमाजाच्या वेळा सोडल्या तर बाकी सगळ्या वेळा माझ्या याद्यांवर चालतात, असं मी धरून चालते. बसचे ड्रायव्हर तसं धरून चालत नाहीत, पण तो वेगळा विषय.

आमच्या मुदीरांना, म्हणजे मॅनेजरना, एकदा वाटलं की पाहुण्यांशी पाहुण्यांच्या भाषेत बोललं पाहिजे. ते मिसरचे, म्हणजे इजिप्तचे. त्यांनी लॉबीत तसा फलक लावला. फलक अरबीत होता, त्यामुळे पाहुण्यांना काही कळलं नाही. आम्हा नोकरदारांना मात्र कळलं की हे आपल्या अंगावर आलं. क्लासची सोय हॉटेल करणार होतं. "इन्शाल्ला," मुदीर म्हणाले, म्हणजे देवानं मनावर घेतलं तर. तेवढ्यावरून मी ओळखलं आणि माझी सोय मी केली.

माझा नवरा गाड्यांचे एसी दुरुस्त करतो. कॉम्प्रेसरचे पार्ट आणायला तो रियाधला बत्ह्याच्या बाजारात जातो, तिथून त्यानं मला एक पुस्तक आणून दिलं. तीस दिवसांत इंडोनेशियन, उर्दूतून. मी धडे वारांप्रमाणे पाडून घेतले. नकाराचा धडा शुक्रवारी आला.

"काय शिकतेस गो?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही म्हणायला."

"त्याला पुस्तक कशाला? इतकी वर्षं घरात तेवढाच एक धडा चालू आहे तुझा."

पुस्तकातली वाक्यं अशी होती: हा हत्ती नाही. हे विमानतळ नाही. मी राजा नाही. मी पाठ केली. आता मदिनेतल्या हॉटेलात समोरची वस्तू हत्ती नाही हे सांगायची वेळ कुणावर किती वेळा येते, ते पुस्तक लिहिणाऱ्यालाच ठाऊक. गरम पाणी नाही, वायफाय नाही, तुमची बॅग इथे नाही, यातलं एकही वाक्य त्यात नव्हतं.

म्हणून मी ऐन कामात, बोलता बोलता शिकले. आणि बोलता बोलता शिकणारा माणूस नकार कसा शिकतो, हे सांगण्याचा अधिकार मला आहे असं मला वाटतं, कारण प्रत्येक पायरीवर मी स्वतः पडले आहे.

पहिल्या पायरीवर मी इंडोनेशियन नकार वापरलाच नाही. आखातात उतरलेला कुठल्याही देशाचा माणूस पहिला नकार शिकतो तो 'मा फी'. पाणी मा फी, गाडी मा फी, मालक मा फी. अरबी न येणारा माणूसही मा फी म्हणतो आणि अरबीच येणारा माणूसही आमच्यासाठी मा फी म्हणतो. तेव्हा मी पुस्तकातला शब्द घेतला आणि त्याच्यापुढे मा फी जोडलं. "मा फी आइर पानास," म्हणजे गरम पाणी नाही. बायका समजल्या, कारण नळाला हात लावून त्यांना आधीच समजलेलं होतं.

मग 'तिदाक' आला. हा त्यांचा रोजचा, सरसकट नाही. तो मिळाल्यावर मला वाटलं, संपलं, आता काय राहिलं? पण तिदाक बसतो क्रियापदाच्या आधी आणि माझी जीभ पडली मराठी. आपलं नाही वाक्याच्या शेपटाला. बंद पडलेल्या लिफ्टपाशी उभी राहून मी मोठ्यानं सांगायची, "लिफ्ट जालान तिदाक!" मला म्हणायचं असे, लिफ्ट चालत नाही. पण तिदाक शेवटी टाकला की त्यांच्या बोलण्यात तो प्रश्न होतो, चालते की नाही? एका बाईनं माझी कीव येऊन पुढे होऊन बटण दाबलं, दिव्याकडे बघितलं, थोडं थांबली आणि अगदी हळू आवाजात मला सांगितलं, "तिदाक, इबू." इबू म्हणजे आई, बाई, मॅडम, सगळंच.

तिसरी पायरी मी पटकन चढले. हा हत्ती नाही, मी राजा नाही, यातला नाही वेगळा असतो. तो 'बुकान'. पुस्तक लिहिणारे उर्दूवाले इथे अडकतात, कारण त्यांचा एकच 'नहीं' सगळीकडे फिरतो. आपल्याकडे नव्हे आहे. गावच्या शाळेत आमच्या बाई "हे उत्तर नव्हे, हा गोंधळ आहे" असं वहीवर लिहायच्या, तो नव्हे मला इथे कामाला आला. आणि 'जांगान', म्हणजे नको, करू नका, हा तर माझ्यासाठीच केलेला शब्द होता. पाणी तापवायच्या केटलीत नूडल्स शिजवू जांगान. खिडकीत कपडे वाळत घालू जांगान. एका महिन्यात माझं जांगान इतकं पक्कं झालं की मी जिन्यावर दिसले तरी बायका हातातली वस्तू पाठीमागे लपवू लागल्या.

चौथ्या पायरीनं मात्र घाम फोडला. 'बलूम' म्हणजे अजून नाही. जे आज नाही पण पुढे होऊ शकतं, त्याला ही माणसं नाही म्हणतच नाहीत. सत्तरीच्या बाईला विचारलं, लग्न झालं? तर ती म्हणते, बलूम. नातवंडं? बलूम. अमेरिका पाहिलीत? बलूम. मला हा शब्द फार आवडला. भाषेत एवढी आशा ठेवणारे लोक मी पाहिले नव्हते. आवडला म्हणून मी तो सगळीकडे वापरू लागले, आणि त्याचा परिणाम असा झाला की एका दुपारी आगीच्या घंटेची चाचणी चालू असताना पाचव्या मजल्यावरच्या बायकांनी मला दारातून विचारलं, "आग लागली का, इबू?" आणि मी हसून, धीर देत सांगितलं, "बलूम!"

सगळा मजला बॅगांसकट जिन्यानं खाली उतरला. मुदीरांनी घड्याळ बघितलं आणि इतकी शिस्तशीर चाचणी या हॉटेलात आजवर झाली नव्हती, असं सांगून माझं कौतुक केलं. मी काही दुरुस्ती केली नाही.

चार नकार हातात आल्यावर मी स्वतःला पास करून टाकलं. माझ्या रकान्यांना लागतंही तेवढंच: होय की नाही. झालं की नाही. मिळालं की नाही. मी विचारायची, त्या सांगायच्या, मी टिक करायची. याद्या इतक्या स्वच्छ दिसू लागल्या की मी त्यांचे फोटो काढून ठेवत असे.

आता घडलं ते सांगते.

एक गट आला होता, दोन बसचा. गटाचा उस्ताद तरुण, बसलेल्या घशाचा, हातात कायम छोटा झेंडा. उस्ताद म्हणजे या लोकांचा वाटाड्याही तोच, इमामही तोच, बॅग हरवली तर शोधणाराही तोच. त्याला मोठ्यानं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. बसवाला उशिरा आला तरी तो त्याला "शुक्रन", धन्यवाद, म्हणायचा.

गटात जावामधल्या खेड्यातली एक म्हातारी होती. तिच्याकडे आजीला म्बाह म्हणतात, म्हणून सगळे तिला म्बाह म्हणत. वयामुळे तिला लिफ्टजवळची खोली मी दिली होती आणि सोबतीला सुमात्राची एक शुगरवाली बाई. दोघींचं एकमेकींशी काही नातं नव्हतं. नातं होतं ते माझ्या यादीतल्या एका ओळीचं. फक्त बस वेगळ्या होत्या: सुमात्राची बाई पहिल्या बसमध्ये, म्बाह दुसऱ्या.

मदिनेत आलेल्या प्रत्येक बाईचा जीव एका गोष्टीत असतो, रौजात. मशिदीतली ती छोटीशी जागा स्वर्गातल्या बागांपैकी एक मानतात. तिथे उभं राहून दोन रकात नमाज पढायला मिळावी म्हणून बायका घरून रडत निघतात. आता तिथे मोबाइलवर परमिट लागतं, माणशी वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी. म्हणजे म्हाताऱ्या माणसानं धरून चालायचं की आयुष्यातून एकदा. गटाच्या बायकांना सकाळच्या दोन वेळा मिळाल्या होत्या, पहिली बस पहाटेच्या नमाजानंतर लगेच, दुसरी बस नऊ वाजता.

पहिल्या बसच्या बायका जाऊन आल्या. सुमात्राची बाईही जाऊन आली, पण रिकाम्या पोटी आणि गर्दीत, त्यामुळे येताना तिला चक्कर आली, उलट्या झाल्या. डॉक्टर येऊन औषध देऊन गेला, ती झोपली. नऊला दुसरी बस गेली. मी तेव्हा खाली दुसऱ्या एका गटाचं सामान मोजत होते.

दुपारच्या जेवणाला मी नेहमीप्रमाणे डायनिंग हॉलमध्ये उभी राहिले. उस्ताद माझ्या शेजारी, झेंडा हातात, चेहरा थकलेला आणि प्रसन्न. त्यानं रौजाच्या बाहेरचा व्हिडिओ घरच्यांच्या ग्रुपवर टाकून दिला होता: अल्हम्दुलिल्ला, आपल्या सगळ्या बायकांची जियारत, रौजाची भेट, झाली. मी विचारलं, "रौजाला कुणाचं जायचं राहिलं असेल, तर हात वर करा."

एकही हात वर नाही. चहूकडून हसू आणि "सुदा, सुदा," म्हणजे झालं, झालं. म्बाहनंही हसून मान डोलावली. मी सगळ्या नावांपुढे टिक केली.

आमच्या रत्नागिरीकडची बस असती तर काय झालं असतं ते मला डोळ्यांसमोर दिसतं. "अवो, ही राहिली! हिला तेवढी न्यायची इसरलात!" असं चार जणींनी एकदम ओरडून सांगितलं असतं, आणि जाऊन आलेल्या दोघींनी पुन्हा एकदा जायला मिळतंय का म्हणून हात वर केला असता. पण मी विचारलं होतं जावा-सुमात्राच्या बायकांना, सगळ्यांसमोर आणि उस्तादाच्या देखत. तिथे हात वर करणं म्हणजे भर पंगतीत त्याला सांगणं, की तू एक माणूस मागे टाकलंस. ते या बायका करणार नाहीत. त्यापेक्षा स्वर्गातली बाग राहून गेलेली चालेल.

हे मला चार पायऱ्यांनी शिकवलं नव्हतं. खरं म्हणजे शिकवायची गरज नव्हती. आमच्याकडेही लग्नाचं बोलावणं करायला गेलं की जो "येतो हां, नक्की येतो" असं मोठ्यानं म्हणतो त्याचं ताट कुणी धरत नाही. पण कोकणातलं शहाणपण मी ड्युटीवर आणत नाही, तिथे रकाने असतात.

दुसऱ्या दिवशी गट मक्केला निघायचा होता. दुपारची जोहरची नमाज, मग बस. सकाळी नाश्त्यानंतर मी सुमात्राच्या बाईची तब्येत बघायला वर गेले. ती बाथरूममध्ये होती, नळ चालू होता. म्बाह पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "इबू, आत सजद्याला, कपाळ टेकायला, जागा मिळते का, की उभ्या उभ्याच दुआ मागून पुढे सरकायचं?"

"गर्दीवर आहे," मी सवयीनं सांगू लागले, "भिंतीच्या बाजूला सरकलं तर..." आणि थांबले. आत जाऊन आलेली बाई हे विचारत नाही.

"म्बाह, तुम्ही काल बसमध्ये होतात ना?"

तिनं बाथरूमच्या दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हसून म्हणाली, "तिदाक आपा-आपा, इबू."

म्हणजे काही नाही. आपल्याकडेही काय झालं विचारल्यावर माणूस म्हणतं, काही नाही, आणि ऐकणारा ओळखतो की बरंच काही आहे. मी तिच्या शेजारी पलंगावर बसले.

मग हळूहळू निघालं. नऊच्या वेळेला सुमात्राच्या बाईचं डोकं मांडीवर घेऊन म्बाह बसली होती. झोपलेल्या माणसाला एकटं टाकून कसं जायचं? तीच बाई दुपारी उठून "तू जाऊन आलीस ना?" म्हणाली तेव्हा म्बाह तिलाही "सुदा" म्हणाली होती, नाहीतर तिला वाईट वाटलं असतं. मग जेवताना मी विचारलं तेव्हा उस्तादाला वाईट वाटलं असतं. आता मला वाटू नये म्हणून ती मलाच सांगत होती की मक्का आहेच की, काबा आहेच की. गावातल्या शेजारणींनी आपापल्या दुआ तिच्याकडून पाठ करून घेऊन तिला धाडलं होतं: कुणाच्या लेकीला मूल, कुणाच्या म्हशीला दूध. त्या सगळ्या तिनं रौजाबाहेरच्या अंगणातूनच मागायचं ठरवलं होतं. "देवाला ऐकू येतं," ती म्हणाली आणि घडी मोडून पुन्हा घातली.

मी खाली आले. आता काम सरळ होतं. गटाच्या परमिटवर तिची हजेरी लागलेली नव्हती, म्हणजे तिचा वर्षाचा हक्क शाबूत होता. कुणी वेळ रद्द केली की ती मोबाइलवर मोकळी दिसते, तेव्हा पटकन धरायची. पण म्बाहचं खातं उस्तादाच्या फोनमध्ये होतं, आणि उस्ताद लॉबीत गटातल्या पाच-सहा पुरुषांमध्ये उभा होता. आदल्या दिवशीची मी असते तर तिथेच विचारलं असतं. मी त्याला बॅगांच्या पट्ट्या तपासायच्या आहेत असं सांगून खांबामागे घेतलं.

"उस्ताद, काल सगळं छान पार पडलं."

"अल्हम्दुलिल्ला, इबू. सगळ्यांचं झालं."

"सगळ्यांचं झालं. मी टिक केली आहे."

"टिक केली आहे," तो म्हणाला.

आम्ही दोघं बॅगांकडे बघत राहिलो.

"एवढंच की ही मोबाइलची परमिटं," मी म्हटलं. "कधी कधी माणूस जाऊन येतं आणि यंत्राला पत्ताच नसतो. हजेरीच लागत नाही."

"यंत्रं," तो सावकाश म्हणाला.

"पाचव्या मजल्यावरच्या म्बाहचं तसं काही झालं असेल का?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "काल बसमध्ये मोजताना एक सीट... आणि ती आजारी बाई..." वाक्य त्यानं तिथेच सोडलं. अशी वाक्यं ही माणसं पुरी करत नाहीत. "यंत्राची चूक असू शकेल, इबू."

"असू शकेल."

"चूक दुरुस्त करायला हवी."

"आज जोहरपर्यंत."

त्यानं झेंडा काखेत मारला आणि फोन काढला. उपलब्ध नाही. पुन्हा दाबलं. उपलब्ध नाही. त्या अख्ख्या लॉबीत सरळ नाही म्हणणारं तेवढं एकच यंत्र होतं आणि आम्ही दोघांनी दोष त्याच्यावरच ढकलला होता. मी खुर्ची ओढून त्याला बसवलं. मुदीर जाताना विचारून गेले, "कुल्लू तमाम?" आम्ही दोघं म्हणालो, सगळं ठीक.

साडेदहाची एक वेळ हिरवी झाली. उस्तादाच्या अंगठ्यानं ती धरली, आणि तो देवाचं नाव घेऊन खुर्चीतून उठला तो थेट लिफ्टकडे धावला. लिफ्ट चालू होती.

मी जिन्यानं गेले तरी त्याच्या आधी पोचले. म्बाहला सांगितलं, चला. तिचे डोळे एकदम मोठे झाले, हात चपलांकडे गेला, आणि अर्ध्यावर थांबला. सुमात्राची बाई पुन्हा पलंगावर येऊन डोळे मिटून पडली होती. म्बाह म्हणाली, "तिदाक उसाह, इबू."

पुस्तकात याचा अर्थ दिला आहे, गरज नाही. पण आता मी पुस्तकाच्या पुढे आले होते. आपल्याकडे पाहुणा "कशाला उगाच, कशाला उगाच" म्हणत बशी पुढे करतो, त्याचाच हा भाऊ. फरक एवढाच की आपल्याकडे बशी दिसते. इथे मी बशीच्या जागी चपलांकडे पोचलेला हात बघितला.

"मी बसते हिच्याजवळ," मी म्हटलं. "तुम्ही परत येईपर्यंत हलत नाही."

तिनं आणखी एकदा तिदाक उसाह म्हटलं आणि म्हणता म्हणता चपला घातल्या.

उस्ताद तिला घेऊन गेला. मी खुर्चीत बसले. सकाळच्या साडेदहाला मी खुर्चीत बसल्याचं या हॉटेलात कुणी पाहिलेलं नाही. खाली दोन गट यायचे होते, एक जायचा होता, फोन थरथरत होता. मी तो पालथा घातला.

थोड्या वेळानं सुमात्राच्या बाईनं डोळे उघडले. "म्बाह कुठे?"

काय सांगणार? खरं सांगावं तर काल तिच्यामुळे म्हातारीचं राहिलं हे तिला कळणार, आणि ते कळू नये म्हणून तर म्हातारी काल खोटं बोलली होती.

"रौजाला गेली आहे."

"काल गेली होती ना?"

"हो. आज पुन्हा."

"दोनदा जाता येतं?"

"यंत्राची चूक झाली आहे," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं भिंतीकडे कूस वळवली. मी विचारलं, "चहा करू?" ती भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "तिदाक उसाह." मी केटलीत पाणी ठेवलं. तिनं दोन कप घेतले, दोन्ही बिनसाखरेचे, आणि दुसरा संपवून म्हणाली, "मी उठल्यावर तिला विचारलं होतं, तू जाऊन आलीस ना म्हणून. जेवणाआधी. तेव्हा म्हणाली, सुदा." आणि रडू लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि घड्याळाकडे बघितलं. अकरा वाजून गेले होते. बायकांची सकाळची वेळ संपत आली होती. फाटकापासून आतपर्यंत म्बाहच्या चालीनं किती वेळ लागेल, याचा हिशोब मी मनात केला आणि तो मला आवडला नाही.

जोहरची अजान झाली. आम्ही खोलीतच नमाज पढलो, तिनं बसून, मी उभ्यानं. नंतर सामान उचलणारा माणूस दारात आला. "यल्ला, बस आली."

"थोडं थांब."

"इबू, सगळ्यांच्या बॅगा गेल्या. या दोनच."

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि म्बाह आली. चालत नव्हती, जवळजवळ तरंगत होती. स्कार्फ तिरका झालेला, एका पायात चप्पल तिची, दुसऱ्या पायात कुणा दुसऱ्याच बाईची. मागून उस्ताद, त्याचा चेहरा अपघात बघून आलेल्या माणसासारखा.

"मिळालं?" मी विचारलं.

म्बाहनं थेट पलंगापाशी जाऊन सुमात्राच्या बाईचे दोन्ही हात धरले आणि सांगायला सुरुवात केली. दोघींच्या तोंडात एकच भाषा, वेग भलता, मला निम्मंच कळत होतं. पण एवढं कळलं: म्हातारी हळू चालली. फाटकावर पोचली तेव्हा पहारेकरी बाईनं हात आडवा केला. खलास, वेळ संपली, उद्या या. म्बाहनं तिलाही हसून मान डोलावली आणि वळली. तिच्या मते ते तिथेच संपलं होतं.

"मग हा!" तिनं उस्तादाकडे बोट केलं, कमरेवर हात ठेवला, मान ताणली आणि त्याच्यासारखं ओरडून दाखवलं, "ला! ला! ला!"

ला म्हणजे नाही. अरबीतला, सरळ, उघडा.

उस्ताद दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. "मी जरा मोठ्यानं बोललो, इबू," तो मला म्हणाला. "सगळे बघायला लागले. मला वाटलं आता मला धरून नेतात."

"मग?"

"ती बाई पण घाबरली. आमच्याकडचा माणूस ओरडला म्हणून. दोन मिनिटं, म्हणाली, एकटी जाऊ दे हिला." त्यानं कपाळ पुसलं. "घरी माझ्या आईला हे कुणी सांगू नये."

तोवर म्बाह सांगता सांगता आतल्या भागात पोचली होती. गालिचा हिरवा होता. उजवीकडच्या बाईचं कोपर तिच्या बरगडीत होतं. सजद्याला जागा होती, पण डोकं टेकलं ते कुणाच्या तरी पिशवीवर. शेजारणींच्या दुआ मागितल्या, म्हशीची आधी, कारण ती सोपी होती. दोन विसरल्या. कुणाच्या ते आठवेना, म्हणून म्हणाली, देवा, ज्या विसरले त्या तुला माहीत आहेत.

सुमात्राची बाई रडतही होती आणि हसतही होती. "काल मला खोटं बोललीस," ती म्हणाली.

"हो," म्बाह म्हणाली.

"पुन्हा सांग. पहिल्यापासून."

सामानवाल्यानं बॅगांना हात घातला. मी त्याचा हात धरला. तो माझ्याकडे असा बघू लागला जणू भूकंप झाला आहे. मी त्याला सांगितलं, खाली जाऊन ड्रायव्हरला सांग, दोन बायका यायच्या आहेत. त्याला बोलू दे जे बोलायचं ते.

खाली बसचा हॉर्न वाजत होता. म्बाह पहिल्यापासून सांगत होती, आणि आत्ता कुठे चपला घालून लिफ्टपाशी पोचली होती.